पिंजऱ्यातला बटेर आणि माळावरचा लावा

पुण्यात चिकनच्या दुकानात किंवा हॉटेलात 'बटेर' म्हणून जो पक्षी मिळतो, तो जपानी बटेर. दिवेघाट चढून सासवडकडच्या माळावर चालायला लागलं की अगदी पायाजवळून भुर्रकन उठतो आणि थोड्या अंतरावर गवतात पुन्हा दिसेनासा होतो, तो लावा. दोघंही मातकट, पाठीवर फिकट रेघांचे, शेपूट जेमतेम. म्हणूनच घरी अंड्यांसाठी बटेर पाळायचं कुणी मनावर घेतलं की हमखास ऐकायला मिळतं, "विकत कशाला आणतोस? आमच्या शेतात हवे तेवढे आहेत!" या सल्ल्यापायी जीव जातात, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

जपानी बटेर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली घडलेला आहे. जपानात तो आधी आवाजासाठी पाळत, पुढे विसाव्या शतकात अंड्यांसाठी. आपल्याकडे १९७४ साली तो अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि चांगलं खाणं व उजेड मिळाला तर वर्षाला अडीचशेच्या आसपास अंडी देते. अंडं १० ते १२ ग्रॅमचं, त्यावर तपकिरी ठिपके. मात्र अंड्यांवर बसणं ती जवळजवळ विसरलीच आहे. पिल्लं हवी असतील तर इनक्युबेटर लागतो, नाहीतर खुडूक कोंबडी. अंडी फक्त खायची असतील तर नराची गरजच नाही.

माळावरच्या लाव्याचं सगळं उलट. पावसाळ्यात गवताच्या बुडाशी जमीन जराशी उकरून मादी मोजकी अंडी घालते आणि स्वतः उबवते. त्या अंड्यांमागे पुढची पिढी असते, आपला नाश्ता नव्हे. असा लावा पिंजऱ्यात कोंडला की तो भेदरून सरळ वर उसळतो, छताला डोकं आपटून रक्तबंबाळ होतो, खाणं टाकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. त्याची अंडी उचलणंही त्या कायद्यात शिकारच धरली आहे. माळावर फासे लावून धरलेले लावे कुणी 'गावठी बटेर' म्हणून विकायला आणले तर एकही घेऊ नका. स्वस्त असले तरी नाही, सोडवून द्यावेत या दयेपोटीसुद्धा नाही. विकला गेलेला प्रत्येक पक्षी पुढचा फासा लावायला लावतो.

ओळखायचे कसे? नर सोपे. जपानी नराची छाती विटकरी, ठिपक्यांविना. आपल्याकडच्या पावसाळी लाव्याच्या नराच्या छातीवर काळा डाग आणि गळ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. माद्या मात्र फसवतात, दोघींच्याही फिकट छातीवर गडद खुणा. तिथे वजन बघा. पाळीव मादी हातात घेतली की दीडशे ग्रॅमच्या वर भरते, रानातली त्याच्या निम्मी. आणि स्वभाव: पाळलेली मुठीत थोड्या वेळात शांत होते.

आता पुण्याच्या गॅलरीत पाळायचंच ठरवलं तर दोन-तीन गोष्टी जपाव्या लागतात. दचकला की जपानी बटेरही वर उडी मारतोच, त्यामुळे पिंजऱ्याची उंची फुटापेक्षा कमी ठेवा आणि छताला जाळीऐवजी मऊ कापड ताणा. जेमतेम सात-आठ ग्रॅमचं पिल्लू पाण्याच्या वाटीतही बुडून मरतं. वाटीत गोट्या टाकल्या की चोच तेवढी पाण्यात जाते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मोठ्यांना मात्र एप्रिल-मेचं ऊन सोसत नाही, तेव्हा ओलं गोणपाट आणि सावली हवीच. खाद्य अंड्यांवरच्या कोंबडीला देतात त्या लेअर खाद्यापेक्षा जास्त प्रथिनांचं लागतं. दिवसाला १४ ते १६ तास उजेड मिळाला नाही तर अंडी घटतात, म्हणून थंडीत संध्याकाळी बल्ब लावतात. अंडी गोळा करायची वेळही कोंबडीसारखी सकाळची नाही, बहुतेक अंडी दुपारनंतर येतात. विष्ठेचा ट्रे रोज काढला नाही तर अमोनियाचा वास शेजाऱ्यांच्या खिडकीत पोचतो, आणि मग सोसायटीत पक्षी राहत नाहीत.

कंटाळा आला म्हणून जपानी बटेर वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सोडून येऊ नका. कुत्री-मुंगूस त्याला टिकू देत नाहीत, आणि टिकलाच तर रानातल्या नात्यातल्या लाव्यांशी संकर होण्याचा धोका असतो. आणि शेतात लाव्याची पिल्लं दिसली तर हात न लावता लांब व्हा, आई जवळच असते. पक्षी जखमी असेल तरच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा आणि माणसं येईपर्यंत त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवा.