माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज)

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे, त्याच्यावरून नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी. दोडामार्ग-सावंतवाडीकडे सरळ माकडताप म्हणतात. नाव जरा फसवं आहे, कारण माणसाला हा ताप सहसा माकडापासून थेट लागत नाही, दोघांनाही गोचीडच चावलेली असते आणि माकड बिचारं बहुतेकदा आधी मरतं.

1957 च्या सुरुवातीला त्या जंगलात काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं पटापट मरायला लागली, आणि आसपासच्या गावांत टायफॉइडसारखा वाटणारा ताप आला (मागे वळून बघता माणसांतल्या केसेस 1956 पासूनच्या असाव्यात असं मानतात). पुण्यात 1952 साली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशननं मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढलं होतं, म्हणजेच आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), तिथली टीम गेली. आधी धसका बसला तो डासांमुळे पसरणाऱ्या यलो फीव्हरचा, माकडं मरतायत आणि माणसं तापतायत म्हटल्यावर साहजिकच होतं, आणि तो आशियात कधी आलेलाच नव्हता. पण विषाणू हाती लागला तो निघाला रशियन स्प्रिंग-समर एन्सेफलायटिस या रशियातल्या मेंदूज्वराच्या घराण्यातला, म्हणजे डासाचा नाही, गोचडीचा. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि टी. रामचंद्र राव ही त्या कामातली मुख्य नावं.

आता सायबेरियाच्या थंडीतला नातेवाईक सह्याद्रीच्या जंगलात कसा आला, यावर वाद आहे. पहिला अंदाज स्थलांतरी पक्ष्यांचा, उत्तरेकडून येताना अंगावर गोचडी घेऊन आले असतील असा. ऐकायला छान, पण भक्कम पुरावा फारसा पुढे आला नाही. दुसरं मत जॉर्ज बोशेल या संशोधकाचं, 1969 मधलं: विषाणू जंगलात आधीपासून गपचूप होताच, सागर-सोरब भागात वस्ती वाढली, जंगल तुटलं, गुरं आत चरायला जाऊ लागली आणि गुरांच्या रक्तावर गोचडी माजल्या. गंमत म्हणजे 1952 च्या सुमारास गोळा केलेल्या सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तातही या घराण्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या, तिथे असा आजार कुणी पाहिलेला नसताना. पुढे जनुकीय घड्याळ लावून, म्हणजे विषाणूच्या जनुकांत बदल किती साठले ते मोजून, तारखा काढल्या गेल्या. 2009 च्या एका अभ्यासात भारतातल्या नमुन्यांचा सामायिक पूर्वज 1942 च्या आसपासचा निघाला, तर 2011 च्या दुसऱ्या अभ्यासात सौदी अरेबियातला याचा जवळचा भाऊबंद अलखुर्मा विषाणू आणि हा, साधारण 700 वर्षांपूर्वी वेगळे झाले असं आलं. दोन्ही आकडे एकमेकांना खोडत नाहीत, कारण पहिला फक्त हाती असलेल्या नमुन्यांचं वय सांगतो, विषाणू जन्मला कधी ते नाही, हे बऱ्याच लेखांत विसरलं जातं. चीनच्या युनानमधला नानजियानयिन म्हणून एक नमुना दाखवतात, पण तो 1957 च्या मूळ भारतीय नमुन्याशी इतका तंतोतंत जुळतो की प्रयोगशाळेतली भेसळ असल्याचा संशय घेतला गेला. एकूण पाहता बोशेलच्या बाजूचं पारडं जड वाटतं.

गोचीड मुख्यतः हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिची पिल्लं उंदीर-घुशी, पक्षी वगैरेंवर, पूर्ण वाढलेली गुरांवर, आणि मधल्या वयाची, टाचणीच्या टोकाएवढी निंफ असते ती माणसाला चावते. माकड मेलं की अंगावरच्या गोचडी खाली उतरून तिथेच पातेऱ्यात (वाळक्या पानांत) बसतात, म्हणून मेलेलं माकड दिसलं की आजूबाजूला मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारायची पद्धत आहे. माणसाकडून माणसाला लागत नाही. ताप, डोकं-अंग फुटेस्तोवर दुखणं, कधी रक्तस्राव, काहींना बरं वाटल्यावर परत ताप. दगावण्याचं प्रमाण 3 ते 5 टक्के, खास औषध नाही.

लशीची गोष्ट जरा दुःखाचीच. सुरुवातीला रशियन आजाराची लस देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मग कोंबडीच्या भ्रूणपेशींवर विषाणू वाढवून फॉर्मॅलिननं मारलेली लस पुण्यात तयार झाली आणि नंतर कर्नाटकात अनेक वर्षं वापरली. दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी परत, आणि सुई दुखते भारी, त्यामुळे लोक टाळायचे. 2013 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दोन डोसांचा परिणाम सुमारे 62 टक्के आणि बूस्टरसकट 83 टक्के दिसला, नंतरच्या एका अभ्यासात त्याहून कमी. शेवटी 2022 मध्ये ती बंद केली, नव्या लशीवर आयसीएमआर आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या लस कंपनीचं काम चालू आहे. हा विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतल्याही पुष्कळ लोकांना लागण झालेली आहे, त्यामुळे आता त्याचं काम पुण्यातल्या पाषाणच्या बीएसएल-4 (सर्वांत कडक सुरक्षेच्या) लॅबसारख्या ठिकाणीच होतं.

बरीच वर्षं हा आजार शिमोग्याच्या आसपासच राहिला, मग 2012 पासून बंदीपूर, निलगिरी, वायनाड, 2015 ला गोव्यात सत्तरीतलं पाळी गाव आणि 2016 ला सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा. तो इतका उशिरा उत्तरेकडे सरकला, की होताच आणि तपासला जात नव्हता, यावरही मतं दोन आहेत. पाळीत आजारी पडलेले लोक काजूच्या कामातले होते. फेब्रुवारी ते एप्रिल हाच काजू वेचायचा, पातेरा गोळा करून भाजावळ करायचा मोसम, आणि निंफ गोचडींचाही हाच. म्हणून आरोग्य खातं बागेत जाण्याआधी हातापायाला डेपा तेल (गोचडीला दूर ठेवणारं) लावायला सांगतं, आणि घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून कपडे वेगळे धुवायला. उन्हात घामाघूम होऊन बोंडं वेचणाऱ्याच्या अंगावर ते तेल किती वेळ टिकणार, हा प्रश्न बागेतले लोक विचारतात तो काही चुकीचा नाही.