नावानं आत, संख्येनं बाहेर: दवाखान्यातल्या सहायकांच्या नोकरीची पार्श्वभूमी

राजारामपुरी असो, शाहूपुरी असो की मंगळवार पेठ, कोल्हापुरात खासगी दवाखान्यातल्या सहायकांच्या पगाराचा आणि कामाच्या तासांचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: "दवाखान्याला शॉप ॲक्ट (दुकाने व आस्थापना कायदा) लागत नाही." हे उत्तर अर्धंच खरं आहे. ते तसं का झालं, हे समजायला कोर्टकचेरीचा पन्नासेक वर्षांचा इतिहास बघावा लागतो.

त्याआधीचं थोडक्यात. संस्थानकाळात उपचार म्हणजे मुख्यतः दरबारचं रुग्णालय (आजचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आणि मिशनचा दवाखाना. पेठांमधली खासगी प्रॅक्टिस पुढे हळूहळू वाढली आणि तिच्यासोबत आला कंपाउंडर. तो बहुतेक ठिकाणी पुरुष असायचा आणि डॉक्टरच्या हाताखालीच शिकलेला असायचा. घरून आणलेल्या बाटलीत मिक्श्चर भरायचं, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कापून बाटलीवर डकवायची, पुड्या बांधायच्या, हे त्याचं काम. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं अशा जुन्या कंपाउंडरांना पाच वर्षांच्या अनुभवावर पहिल्या नोंदवहीत येण्याची वाट ठेवली होती. ज्यांना ती सापडली त्यांना औषधाच्या दुकानात उभं राहता आलं, बाकीचे दवाखान्यातच राहिले. नंतर गोळ्यांच्या स्ट्रिप आल्या, शेजारी मेडिकल आलं, वापरून फेकायच्या सिरिंज आल्या. कंपाउंडरचं काम सरलं आणि त्या जागी दहावी-बारावी झालेल्या मुली आल्या. पेशंट त्यांना 'सिस्टर' म्हणतात, नर्सिंग झालेलं असो वा नसो.

आजचं काम कंपाउंडरच्या कामापेक्षा कमी नाही, जास्तच आहे. नंबर लावणं, केसपेपर काढणं, वजन-बीपी-शुगर, ड्रेसिंग, इंजेक्शन, फोनवरच्या अपॉइंटमेंट, क्यूआर कोडवर आलेले पैसे जुळवणं, शेवटी फरशी पुसणं. खरी गोम वेळेत आहे. दाराबाहेरच्या पाटीवर 'सकाळी १० ते २, सायंकाळी ५.३० ते ९.३०' असं असतं. हिशेबानं आठ तास भरतात. पण कागल किंवा पन्हाळा तालुक्यातून एसटीनं येणारी मुलगी मधल्या साडेतीन तासांत घरी जाऊन येऊ शकत नाही. ती शटर अर्धं ओढून आत डबा खाते, तपासणीच्या टेबलावर पाठ टेकते, आणि मध्येच कुणी पेशंट आला तर "डॉक्टर साडेपाचला" हे सांगायलाही तीच असते. हा वेळ कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

आता तो गुंता. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात नोकरांच्या संख्येची अट नव्हती. एक नोकर असला तरी कायदा लागू. प्रश्न एवढाच होता की डॉक्टरचा दवाखाना ही 'व्यापारी आस्थापना' आहे का? गुजरातमधल्या एका डॉक्टरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं (तिथेही तेव्हा हाच कायदा होता) आणि १९६८ मध्ये निकाल लागला: नाही. डॉक्टरचा व्यवसाय त्याच्या स्वतःच्या कौशल्यावर आणि बुद्धीवर चालतो, व्यापारात मालक-नोकर मिळून उलाढाल करतात तसं इथे नसतं, असा युक्तिवाद मान्य झाला. तो कायद्याच्या भाषेत नेटका आहे. पण त्यात सगळी नजर आतल्या खोलीतल्या खुर्चीवर होती, बाहेरच्या टेबलामागे उभं राहणाऱ्या माणसावर नव्हती.

महाराष्ट्रानं १९७७ मध्ये व्याख्याच बदलली आणि 'वैद्यकीय व्यावसायिक' हे शब्द तिच्यात घातले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी वेगळ्या, म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याखाली 'उद्योग' या शब्दाची व्याप्ती एवढी वाढवली की रुग्णालयंही त्यात आली. मात्र त्याच निकालात एक फट राहिली: जिथे नोकर नावापुरते आहेत असे छोटे व्यवसाय सुटू शकतात. संसदेनं १९८२ मध्ये रुग्णालयं आणि दवाखाने 'उद्योगा'तून वगळणारी दुरुस्ती केली, पण ती व्याख्या अंमलात कधी आलीच नाही. परिणाम असा की कामावरून काढलेली सहायक कामगार न्यायालयात गेली, तर तिच्यावर अन्याय झाला की नाही हे राहतं बाजूला. आधी वाद होतो तो दवाखाना 'उद्योग' आहे का याचा, कारण उद्योग नसेल तर तिथे दादच मागता येत नाही. चार-पाच हजारांच्या थकबाकीसाठी हा वाद कोण लढणार?

१९७७ च्या दुरुस्तीलाही आव्हान मिळालं आणि २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टरांचा तो समावेश टिकू दिला नाही. 'शॉप ॲक्ट लागत नाही' हे वाक्य इथून पक्कं झालं. डॉक्टरांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. रात्री-अपरात्री येणाऱ्या पेशंटला दुकानाच्या वेळांचा नियम कसा लावणार, आणि इन्स्पेक्टर येऊन नेमकं काय तपासणार, हे त्यांचे प्रश्न होते. पण सहायकाची साप्ताहिक सुट्टी आणि पेशंटची तातडी यांचा काय संबंध, याचं समाधानकारक उत्तर निदान मला तरी कुठे सापडलेलं नाही.

मग आला २०१७ चा नवा राज्य कायदा. १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला आणि त्याच्या व्याख्येत दवाखाना, क्लिनिक, पॉलिक्लिनिक, प्रसूतिगृह अशी नावं घेऊन सगळ्यांना आत घेतलं. दिवसाला नऊ तास, मधला वेळ धरून साडेदहा तासांची मर्यादा, आठ नैमित्तिक रजा, आठ पगारी सुट्ट्या. वरच्या पाटीप्रमाणे दहा ते साडेनऊ हा पसारा साडेअकरा तासांचा होतो, म्हणजे हा नियम दोन पाळ्यांच्या दवाखान्याला थेट भिडणारा होता. पण त्याच कायद्यानं दहा कामगारांची अट घातली. त्याखालच्यांनी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, बाकी काही नाही. एक डॉक्टर, दोन मुली, एक मावशी अशा दवाखान्यात दहा माणसं कुठून येणार? २०२५ मध्ये ही अट वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय झाला. त्यानं मध्यम आकाराची पॉलिक्लिनिकंही बाहेर पडतात.

दहाचा आकडा इतरत्रही आडवा येतो. ग्रॅच्युइटी दहावर, प्रसूती रजेचा कायदा दहावर, लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती दहावर (त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं), भविष्य निर्वाह निधी तर वीसवर.

किमान वेतनाला मात्र ही अट कधीच नव्हती, आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचीत, म्हणजे किमान वेतन ठरवलेल्या रोजगारांच्या यादीत, वैद्यकीय व्यावसायिकाचा दवाखाना, कन्सल्टंटची आस्थापना आणि पॅथॉलॉजी लॅब हा स्वतंत्र रोजगार आहे, आणि महागाईसाठीचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. अडचण पुराव्याची. नेमणूकपत्र नाही, हजेरी नाही, पगार पाकिटात आणि त्यातून उचल वळती केलेली. दिवाळीला एक पगार आणि साडी मिळते, ती डॉक्टरांच्या मर्जीनं. वर्गवारीतही मेख आहे: इंजेक्शन देणारी मुलगी कागदावर 'मदतनीस' असली की दर अकुशलचा. शिवाय ते इंजेक्शन तिनं द्यावं का, हा प्रश्न मालकालाही नको असतो आणि तिलाही. म्हणून कौशल्याचा दर मागायचा कसा, इथेच गाडी अडते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाटा नसलेल्या क्लिनिकलाही लागू आहेत. कचरा हाताळणाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, प्रशिक्षण, कामाला लागताना आणि मग वर्षातून एकदा तपासणी, हे सगळं त्यात आहे. पिवळी आणि लाल पिशवी बहुतेक दवाखान्यांत दिसते, कारण कचरागाडीची पावती लागते. लसीची नोंद दाखवा म्हटलं की शोधाशोध सुरू होते. सुई टोचली तर स्पिरिट लावून पुढचा नंबर.

कोरोनात हीच माणसं दारात उभी राहून ताप मोजत होती. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा खासगी दवाखान्यांनी आपापल्या माणसांची नावं सरकारकडे दिली. एरवी कुठल्याच वहीत नसलेल्या या सहायकांची अशी यादी बहुधा पहिल्यांदाच झाली. लसीकरण संपल्यावर तिचा वापर कुणी केला नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या सखल भागात पाणी होतं, दवाखाने बंद होते. त्या दिवसांचा पगार द्यायचा की नाही हेही प्रत्येक डॉक्टरनं आपापलं ठरवलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे) लागू झाल्याचं जाहीर झालं. वेतन संहितेत किमान वेतन सगळ्यांना आहे, संख्येची अट नाही. नेमणूकपत्राची सक्ती आहे ती सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत, आणि तिथे आस्थापना म्हणजे पुन्हा दहा कामगार. कोल्हापुरातल्या सहायकांच्या मागण्यांत मात्र लेखी नेमणूक सगळ्यात वर असते, त्याखाली बँकेतून पगार आणि दुपारच्या साडेतीन तासांचा हिशेब.