पाळीव प्राण्यांतील वेदना

कुत्री, मांजरे, ससे यांची वेदना ओळखणे, ती किती आहे हे ठरवणे आणि आटोक्यात ठेवणे ही पशुवैद्यकातील महत्त्वाची बाब आहे. दुखणारा प्राणी ओरडतोच असे नाही; जुनाट वेदना तो बहुधा मुकाट्याने सोसतो. दुखत असतानाही मांजर घुरघुरते, म्हणून घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नये.

खरी खूण सवयींतल्या बदलात असते. संधिवात झालेले मांजर क्वचितच लंगडते. ते खिडकीखाली थांबते, वर पाहते, अंग तोलते आणि उडी न घेता खुर्चीवरून टप्प्याटप्प्याने चढते. मान वळवून पाठ चाटणे अवघड झाल्याने तिथल्या केसांच्या गुठळ्या होतात. कुत्रा उठताना वेळ लावतो, एकच सांधा चाटत राहतो, हात लावताच अंग चोरतो. एरवी गरीब असलेला कुत्रा अंगावरही येतो. ‘आता वय झालं’ म्हणून याकडे दुर्लक्ष होते आणि आराम पडू शकणारा जीव विनाकारण सोसत राहतो. सशाने खाणे आणि लेंड्या टाकणे थांबवले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मांजरांच्या तीव्र वेदनेसाठी माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. १० पैकी ४ किंवा अधिक गुण झाल्यास वेदनाशामक देण्याचा विचार होतो. घरच्यांनी मोबाइलवर टिपलेली चालही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते, कारण दवाखान्यात घाबरलेला प्राणी लंगडणे लपवतो.

उपचारात मेलोक्सिकॅमसारखी दाहशामक औषधे प्रमुख आहेत. ती दीर्घकाळ द्यायची तर मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या कराव्या लागतात. सांधेदुखीत वजन उतरवणे, निसरड्या फरशीवर सतरंजी अंथरणे, बेताचा व्यायाम यांनीही चांगला फरक पडतो.

माणसांची गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. एका गोळीनेही रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ढासळून ते दगावू शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशी गोळी पोटात गेल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, वेष्टन सोबत घेऊन पशुवैद्याकडे जावे.