जनरेटिव्ह म्युझिक वेगळं आणि एआयचं गाणं वेगळं, कसं ते बघू

हल्ली कोणी सांगितलं ना की मी जनरेटिव्ह म्युझिक करतो, की समोरचा पुढचं ऐकूनच घेत नाही, अच्छा म्हणजे एआय, एक ओळ टाकायची आणि गाणं तयार, मस्त आहे राव. आणि ज्या माणसाने सहा महिने डोकं घालून ती सिस्टीम बांधलेली असते तो बिचारा नुसता बघत राहतो. नाशिकमध्ये हे प्रयोगवालं म्युझिक करणारे तसे मोजकेच, कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेत नाहीतर कोणाच्या तरी घरी गच्चीवर जमणारे, तरी हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं.

गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा. बाहेरून दोन्ही सेमच दिसतात. लॅपटॉप आहे, बटण दाबलं की आपोआप वाजायला लागतं, दर वेळी थोडं वेगळं वाजतं, आणि माणूस बाजूला चहा पीत उभा. फरक आहे तो आत, आणि त्याहून जास्त फरक आहे तो नंतर, म्हणजे ऐकणारा येऊन विचारतो ना की हा आवाज इथे कसा काय आला, तेव्हा.

आधी जनरेटिव्ह घेऊ. यात संगीतकार सूर लिहीत नाही, नियम लिहितो, आणि सूर त्या नियमांमधून पडतात. याला कॉम्प्युटर लागतोच असंही नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने 1965 मध्ये एकाच भाषणाच्या तुकड्याच्या दोन टेप दोन मशीनवर लावल्या, मशीनचा वेग किंचित मागेपुढे असल्यामुळे दोन्ही हळूहळू एकमेकांपासून सरकत गेल्या, आणि त्या सरकण्यातून नवीन लय ऐकू यायला लागली. इंग्लंडच्या ब्रायन ईनोने 1978 च्या म्युझिक फॉर एअरपोर्ट्स या अल्बममध्ये गायलेल्या एकेका सुराचे वेगवेगळ्या लांबीचे टेप लूप केले, एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीसने, तिसरा जवळपास तीसने, असे. प्रत्येक लूप स्वतःपुरता अगदी बोअरिंग, पण सगळे मिळून कधी कसे भेटतील ते प्रत्येक वेळी नवीन. तबला शिकलेल्याला हे समजवावं लागत नाही, रूपकच्या 7 मात्रा आणि झपतालाच्या 10 मात्रा एकत्र सोडा, दोन्हींची सम, म्हणजे पहिली मात्रा, थेट 70 व्या मात्रेनंतर एकत्र येणार, मधल्या काळात जे काही होतं ते कोणी बसून लिहिलेलं नाही पण योगायोगही नाही.

आमच्या ओळखीचा एक जण आहे, सातपूरला कंपनीत पीएलसी, म्हणजे कारखान्यातली मशीनं चालवणाऱ्या कंट्रोलरचं, प्रोग्रामिंग करतो आणि घरी येऊन प्युअर डेटामध्ये पॅच बनवतो. (प्युअर डेटा म्हणजे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, स्क्रीनवर चौकोन टाकायचे आणि वायरीने जोडायचे, त्या जोडणीलाच पॅच म्हणतात. दिवसभर टायमर, काउंटर जोडणाऱ्या माणसाला ते घरच्यासारखंच वाटतं, आणि माझं तर म्हणणं आहे की सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये असे कितीतरी जण असतील ज्यांना आपण संगीतकार होऊ शकतो हे माहीतच नाही.) त्याने जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये जाऊन हातोडीचे ठोके रेकॉर्ड केले, घाटावरची घंटा घेतली, आणि पुलाखालच्या पाण्याचा आवाज. तीन लूप, 7 सेकंद, 11 सेकंद, 13 सेकंद. आता हे तिन्ही पुन्हा एकदम सुरू व्हायला किती वेळ लागेल, तर 7 गुणिले 11 गुणिले 13, 1001 सेकंद, म्हणजे 16 मिनिटं 41 सेकंद. तोपर्यंत एकही क्षण रिपीट नाही. इथपर्यंत सगळं ठरलेलं, नशिबाचा काही संबंध नाही.

मग त्याने हातोडीच्या पुढे एक रँडम 100 टाकला आणि त्याच्यापुढे मोझेस 30, हे पण प्युअर डेटातले चौकोनच. म्हणजे दर ठोक्याला 0 ते 99 मधला एक आकडा निघतो, 30 च्या खालचा आला तर ठोका वाजतो, नाही तर गप्प. आता ठोका कधी पडेल सांगता येत नाही पण साधारण दहातले तीन पडणार हे नक्की. पावसाळ्यात त्याने अजून एक उद्योग केला, गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला याचा जो आकडा रोज बातमीत येतो तो हाताने टाइप करायचा, आणि त्यावर पाण्याच्या आवाजाचा फिल्टर उघडायचा. विसर्ग वाढला की आवाज जाड आणि घुमणारा होत जातो, कमी झाला की पातळ. ते ऐकून एकाने विचारलं भारी आहे भो, कुठलं एआय वापरलं? त्यावर तो जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथे अजून एक उपगोंधळ आहे तो पण मिटवून टाकू, जनरेटिव्ह म्हणजे रँडम नाही. रँडम हा एक मसाला आहे, टाकला तर टाकला. मॉड्युलर सिंथवाले, म्हणजे सुटे सुटे भाग वायरीने जोडून इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवणारे, युक्लिडियन रिदम वापरतात, 8 घरांत 3 ठोके शक्य तितके समान पसरव एवढा एकच नियम, उत्तर येतं 3-3-2, त्यात रँडम शून्य. आणि दुसरं म्हणजे सिस्टीम चालू केली की काम संपलं असंही नसतं. ऑटेकर हा इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा ग्रुप घ्या, इंग्लंडच्या रॉचडेलकडचे दोघं, शॉन बूथ आणि रॉब ब्राउन, मॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे पॅच बांधून काम करतात, 2001 च्या कन्फील्ड अल्बमच्या वेळेपासून लोक यांना म्हणतात की हे काहीतरी रँडम सोडून दिलंय. ऐकलं की तसं वाटतं खरं. पण त्या पॅचला कुठल्या मर्यादेत हलू द्यायचं, कुठला भाग ठेवायचा, कुठला फेकायचा हे सगळं दोघांच्या कानाने ठरतं. एनटीएस या ऑनलाइन रेडिओसाठी केलेले 2018 चे एनटीएस सेशन्स तब्बल 8 तासांचे आहेत. आठ तास ऐकून झाल्यावरही कोणी रँडम म्हणत असेल तर ठीक आहे, म्हणू द्या.

आता एआयवालं. सुनो, युडिओ ही नावं ऐकली असतीलच. यात काय होतं, आधी प्रचंड रेकॉर्डिंगं एका मॉडेलला दाखवली जातात, त्यातून कशानंतर काय येतं याचे पॅटर्न ते उचलतं, ते कोट्यवधी आकड्यांच्या रूपात आत साठतं. मग तुम्ही लिहिता पावसाळी संध्याकाळ, उदास, बासरी, लो-फाय, आणि त्या शब्दांना शोभेल असा आवाज ते तयार करून देतं. वापरणाऱ्याने नियम लिहिलेला नाही, फर्माईश केलीय. फर्माईश करणंही एक कला असेल, मी नाही म्हणत नाही, रेडिओला पत्र पाठवणाऱ्यांमध्येही दर्दी लोक होतेच. पण बासरी तिसऱ्या सेकंदाला का आली याचं उत्तर फर्माईश करणाऱ्याकडे नसतं, आणि कंपनीच्या इंजिनिअरकडेही तसं सरळ नसतं, कारण तो नियम कुठे लिहिलेलाच नाही, पसरलेला आहे. शिवाय ती रेकॉर्डिंगं कोणाची हा वेगळाच झगडा, जून 2024 मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी सुनो आणि युडिओवर अमेरिकेत खटले भरले की आमचा माल न विचारता शिकवायला वापरला, नंतर काही ठिकाणी तडजोडी पण झाल्या.

तर माझ्या मते खरी ओळख पटते ती कलाकार आणि चाहत्यांच्या गप्पांमध्ये. प्रयोगवाल्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकचे चाहते जरा वेगळीच जमात आहे, गाणं कोणावर लिहिलंय वगैरे विचारत नाहीत, विचारतात की तो मधला खरखर आवाज फीडबॅकचा आहे का, क्लॉक कोणाकडून कोणाकडे जातंय, स्नेअर ड्रमला डिले लावलाय की खरंच दोनदा वाजतोय. आणि कलाकार उत्तरं देतात! ऑटेकरने नोव्हेंबर 2013 मध्ये कित्येक दिवस चाहत्यांच्या ढीगभर प्रश्नांना लेखी उत्तरं दिली, मशीनपासून खाण्यापिण्यापर्यंत. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने 2014 च्या सायरोच्या कव्हरवर अल्बमला झालेला खर्चच छापला. लाइव्ह कोडिंगवाल्यांनी तर याचं तत्त्वच करून टाकलं, 2004 मध्ये टॉपलॅप नावाची मंडळी एकत्र आली आणि त्यांचं म्हणणं एवढंच की स्क्रीन दाखवा. म्हणजे वाजवताना जो कोड टाइप करतोय तो मागे भिंतीवर प्रोजेक्टरने दिसला पाहिजे, चुकला तर चुकलेला पण. समोर नाचणारा माणूस बघतोय की आकडा 4 चा 6 झाला आणि लगेच किक ड्रमचा ठोका बदलला. कोड कळत नसला तरी आकडा बदलला हे तर कळतंच ना.

सातपूरवाला पण हेच करतो, गच्चीवर लावतो तेव्हा लॅपटॉप लोकांकडे वळवून ठेवतो, कोणी विचारलं की हा आत्ता एकदम भरून का आला तर तो बोट ठेवून दाखवतो की हे बघ 7 वाला आणि 11 वाला आत्ता एकत्र आले, 77 सेकंद झाले. पुढच्या वेळेला विचारणारा स्वतःच वाट बघत बसतो. एका काकांनी तर, म्हणजे घरमालकच ते, हिशोब करून सांगितलं की 13 चा 12 केलास तर लवकर फिरून येईल, 924 सेकंदांत. बरोबर होतं त्यांचं. एआयच्या गाण्यावर अशा गप्पा होत नाहीत, तिथे संवाद होतो तो प्रॉम्प्ट काय दिलास आणि कितव्या वेळेला चांगलं आलं, एवढ्यावरच.

अर्थात सगळं इतकं काळं-पांढरं नाही. 1957 मध्ये हिलर आणि आयझॅकसन यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या कॉम्प्युटरकडून इलियाक सुइट बनवून घेतला, व्हायोलिन-कुटुंबातल्या चार वाद्यांसाठी, त्याच्या चौथ्या भागात मार्कोव्ह चेन वापरली. म्हणजे सा नंतर रे यायची शक्यता इतकी, ग यायची इतकी, असा तक्ता करायचा आणि त्यावरून फासे टाकत जायचं. असा तक्ता तुम्ही हाताने भरू शकता नाहीतर कोणाच्या तरी बंदिशी मोजून पण भरू शकता, आणि मोजून भरला की ते एआयचंच आजोबा झालं की. मग फरक फक्त लहान-मोठ्याचा का? मला तसं नाही वाटत. सात सुरांचा तक्ता, 7 गुणिले 7, 49 घरं, वहीच्या पानावर मावतो, एक घर खोडून बदलता येतो, आणि बदलल्यावर काय होणार याचा अंदाज लागतो. कोट्यवधी आकड्यांमधला एक खोडून बघा, काही कळणार नाही. आकार इतका वाढला की मालकीच बदलते, बनवणारा पण पाहुणाच होतो तिथे.

आणि मग मधले लोक आहेत, जे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात. हॉली हर्नडन या अमेरिकन संगीतकार बाईने 2019 च्या प्रोटो अल्बमसाठी स्पॉन नावाचं मॉडेल शिकवलं, स्वतःच्या आणि सोबतच्या गायकांच्या आवाजावर, त्यांना विचारून. 2021 मध्ये हॉली प्लस काढलं, त्यात कोणीही आपला आवाज टाकायचा आणि तो तिच्या आवाजात ऐकायचा, म्हणजे चाहत्यांच्या हातात सरळ गळाच दिला. पॅरिसच्या इरकॅम या संगीत-संशोधन संस्थेतून आलेलं रेव्ह नावाचं मॉडेल आहे, ते तुम्ही स्वतःच्या रेकॉर्डिंगवर शिकवून प्युअर डेटाच्या पॅचमध्ये एक चौकोन म्हणून बसवू शकता. आता हे काय म्हणायचं? एआय तर आहेच, पण आजूबाजूचे नियम तुमचे, शिकवायला दिलेला आवाज तुमचा. तांबट लेनचे ठोके देऊन ते शिकवलं तर तुम्ही गुणगुणाल आणि तांबं वाजेल, सातपूरवाल्याच्या डोक्यात सध्या हेच चाललंय, फक्त ग्राफिक्स कार्डाच्या किमती ऐकून थांबलाय.

जाता जाता, हे सगळं बाहेरचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी, अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत, 1969 मध्येच मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य आलं होतं, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथे स्टुडिओ लावून दिला, गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी तिथे टेपवर प्रयोग केले. त्या टेपांमधून निवडलेला अल्बम लोकांसमोर आला थेट 2023 मध्ये. पन्नास वर्षं विचारायलाच कोणी नव्हतं की हा आवाज कसा काढलात.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी प्युअर डेटा उतरवा, दोन मेट्रो (ठरावीक वेळाने टिक देणारे चौकोन) टाका, एक 700 वर, एक 1000 वर, हे मिलीसेकंद आहेत, दोन्हींना वेगवेगळा सूर द्या आणि एकदम चालू करा. दर 7 सेकंदांनी दोघं एकत्र वाजतील, दोन मिनिटांत कंटाळा येईल. मग 1000 च्या जागी 1010 करा, आता एकत्र यायला 70.7 सेकंद लागतात आणि मध्ये जे होतं ते ऐका. शेजारी कोणी विचारलं हे कुठल्या ॲपने केलं तर त्याला दोन्ही आकडे सांगा, तो पण करेल.