नळीतले चार सेंटिमीटर

एनएमआर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स) म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखायची पद्धत. तिचा वर्णपट, म्हणजे वारंवारितांच्या रेषांचा आलेख, बिघडलेला आला की ‘मशीन गंडलंय’ हे वाक्य ठरलेलं. बिचारं मशीन बहुतेकदा निर्दोष असतं. खोट असते पाच मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत, म्हणजे आपणच भरलेल्या नमुन्यात.

हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, आणि तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. 9.4 टेस्लाच्या क्षेत्रात त्याला सुमारे 400 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी डिवचलं की तो उत्तर देतो. भोवती कोणते अणू आहेत त्यानुसार त्या उत्तराची वारंवारिता किंचित सरकते. (नावात ‘न्यूक्लियर’ असलं तरी किरणोत्साराशी याचा काही संबंध नाही.)

किंचित म्हणजे किती? शेजारच्या कार्बनवरच्या हायड्रोजनमुळे रेषा फुटते तेव्हा तुकड्यांमधलं अंतर असतं साधारण 7 हर्ट्झ. 40 कोटींत 7! एक हर्ट्झ रुंदीची रेषा हवी असेल, तर नमुन्याच्या प्रत्येक थेंबाला मिळणारं क्षेत्र 40 कोटींत एका भागाइतपत सारखं हवं. जरा कमीजास्त झालं की वरचा थेंब एका सुरात गातो, खालचा दुसऱ्या, आणि रेषा फोफशी होते. इतकं सारखं क्षेत्र कुठलाच चुंबक आपणहून देत नाही. म्हणून भोवती छोटी वेटोळी बसवून त्यांतला प्रवाह कमीजास्त करत क्षेत्र सपाट करायचं. हेच शिमिंग.

पण द्रव, काच आणि हवा यांचे चुंबकीय गुण वेगवेगळे, त्यामुळे द्रव जिथे संपतो तिथे क्षेत्र वाकतं. 0.55 ते 0.6 मिलिलिटर द्रावण घेतलं तर नळीत चार सेंटिमीटरच्या आसपास उंची मिळते आणि ही वाकडी टोकं मधल्या संवेदक वेटोळ्यापासून लांब राहतात. द्रावक महाग म्हणून निम्मंच घातलं, की टोक जवळ येतं. मग झेड, झेड-वर्ग, झेड-घन असे एकेक शिम, म्हणजे नळीच्या लांबीच्या दिशेनं (झेड) क्षेत्र सुधारणाऱ्या वेटोळ्यांचे प्रवाह, फिरवत बसा. एक सुधारला की दुसरा बिघडतो. न विरघळलेला कणही आपल्याभोवती असंच क्षेत्र वाकवतो. पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून द्रावण गाळायला मिनिटही लागत नाही. लोह किंवा मँगनीजचे आयन मात्र गाळून जात नाहीत. ते प्रोटॉनचं शिथिलीकरणच, म्हणजे डिवचल्यानंतर मूळ स्थितीत परतणंच, घाईत उरकतात. त्यानं रेषा रुंद होते, आणि त्या रुंदीवर शिमिंगचा उपाय चालत नाही.

द्रावकात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतं, नाहीतर त्याचाच गलका नमुन्याला बुडवेल. शिवाय यंत्र ड्युटेरियमचा सूर सतत ऐकत क्षेत्र सरकू देत नाही. याला लॉक म्हणतात. तरी द्रावक क्लोरोफॉर्म असेल, तर त्यातला उरलासुरला साधा क्लोरोफॉर्म 7.26 पीपीएमला (वारंवारितेचं सरकणं दहा लाखांत किती भाग, ते सांगणारं माप) हजेरी लावतोच.

एवढ्या बलाढ्य क्षेत्रातही दहा लाख प्रोटॉनांमागे क्षेत्राच्या बाजूनं जास्तीचे असतात फक्त सुमारे 32. चुंबकानं भारलेलं म्हणून ‘चुंबकीय पाणी’ विकणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. पृथ्वीच्या सुमारे दोन लाख पट क्षेत्रात ही गत, आणि नळी बाहेर काढली की काही सेकंदांत तेवढंही पुसलं जातं. संकेत असा दुबळा म्हणून स्कॅन पुन्हा पुन्हा घेऊन बेरीज करायची. गोंगाटाच्या तुलनेत संकेत दुप्पट हवा तर स्कॅन चौपट. कार्बन-13 तर निसर्गात जेमतेम 1.1 टक्का, त्यामुळे थोडक्या नमुन्यासाठी रात्रभर थांबावं लागतं.

आणि क्लोरोफॉर्ममधल्या नमुन्यात 2.17 पीपीएमला एकटीच सडसडीत रेषा दिसली, तर नवा रेणू सापडल्याचा आनंद जरा आवरावा. नळी ॲसिटोननं धुतल्यावर नीट वाळवली होती का, ते आधी विचारावं.