भरतकामाचं कार्ड हवंय? मग अर्जात ‘शिंपी’ लिहू नका

हातानं भरतकाम करणाऱ्या बायकांचे सरकारी ओळखपत्रासाठीचे अर्ज सुईमुळे अडत नाहीत, पहिल्याच रकान्यात अडतात. सीएससी केंद्रावर (सरकारी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर) गेलं की केंद्रवाला ‘विश्वकर्मा भरूया’ म्हणतो आणि व्यवसाय म्हणून ‘शिंपी’ निवडून मोकळा होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. शिंपी आहे, हार करणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेसुद्धा आहेत. भरतकाम मात्र नाही. अवजारांचे १५ हजार ऐकून मोह पडतो, पण पडताळणीत ‘शिलाई मशीन कुठंय?’ विचारलं की काय दाखवणार, भरतकामातले काचेचे तुकडे आणि कवड्या? शिवाय तिथं एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नवरा गवंडी असेल तर तुमच्या चुकीच्या अर्जापायी त्याची वाट अडेल.

तुमच्यासाठी आहे ते ‘पहचान’ ओळखपत्र. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचं विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालय २०१६ पासून ते देतं. गांधी शिल्प बाजारात (हस्तकलेच्या सरकारी विक्री-प्रदर्शनात) गाळा मागायचा असो की विद्यावेतन मिळणाऱ्या गुरु-शिष्य प्रशिक्षणात बसायचं असो, पहिल्यांदा हेच कार्ड विचारतात. वय १८ पूर्ण हवं आणि काम हाताचं हवं. कार्ड व्यक्तीचं असतं, त्यामुळे आई आणि लेक दोघी काम करत असतील तर दोघींनी वेगवेगळा अर्ज करावा.

अर्ज ऑनलाइन भरायचा. आधार, फोटो, पत्ता, बँकेचं पासबुक, बस. ‘कोर्सचं प्रमाणपत्र’ लागतं ही अफवा कोणी उठवली देव जाणे. आजीकडून शिकलेल्या टाक्याचं प्रमाणपत्र कोण देणार? तरी त्यासाठी क्लासला पैसे मोजून आलेल्या बायका मी पाहिल्यात. कृपा करून मोजू नका.

खरी अडचण आधारला जोडलेल्या मोबाइलची. नंबर नवऱ्याचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असतो, ओटीपी येतो भलतीकडेच. आधी तो दुरुस्त करून घ्या, मगच अर्जाला हात लावा. दुसरी अडचण नावाची. आधारवर सासरचं आडनाव, पासबुकावर माहेरचं. ‘एकच बाई आहे हो’ हे तोंडी सांगून कुठलंही ऑफिस ऐकत नाही, हे मला आता पाठ झालंय.

यानंतर पडताळणी. हस्तशिल्प सेवा केंद्राचा माणूस तुमचं काम बघतो. इथं विकायला ठेवलेला चकचकीत तयार माल पुढं करू नका. अर्धवट काम भरतकामाच्या गोल रिंगमध्ये किंवा अड्ड्यावर (लाकडी चौकटीवर) ताणलेलं असू द्या आणि त्याच्यासमोर चार टाके घाला. कापड उलटं करून दाखवा, मशीनचा टाका मागून लगेच ओळखू येतो. धारवाडकडचं कसूती भरतकाम करणारी असाल तर प्रश्नच नाही: धागे मोजून, गाठ न मारता भरलेलं, गवंतीचा (दुहेरी धावदोऱ्याचा) टाका दोन्ही बाजूंनी सारखा. टाक्यांची नावं तुमच्या बोलीतलीच सांगा, इंग्रजी नावं पाठ करायची गरज नाही.

तांड्यावरच्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. बंजारा भरतकाम ज्यांच्या हातात आहे, त्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अर्ज दिवाळीच्या तोंडावर भरला तर पडताळणीवाला येतो तेव्हा घराला कुलूप. कागदावर ‘अर्जदार आढळली नाही’ इतकंच उरतं, आणि त्या कुलपाचं कारण लिहायला फॉर्मात जागा नसते. म्हणून कारखाने बंद होऊन माणसं परतल्यावर, उन्हाळ्यात अर्ज करा, आणि गावात राहणाऱ्या कोणाचा तरी नंबर हस्तशिल्प सेवा केंद्राला देऊन ठेवा.

कार्डाला सरकारी फी नाही. ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे पावती मागा.