पेपर क्लेचं पाकीट उघडण्याआधी

आमच्याकडे ग्राहकांचा सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच असतो: "मूर्ती छान झाली होती, सकाळी बघते तर गळ्यापाशी तडा. माती खराब निघाली का?" बहुतेक वेळा माती चांगलीच असते, वाळवण्यात घाई झालेली असते. हे पत्रक आम्ही मुख्यतः त्यासाठीच लिहिलं आहे. हात वळण घेतोच, पण पेपर क्ले कशी वाळते हे आधी कळलं तर पहिलीच आकृती टिकते.

पेपर क्ले म्हणजे कागदाचा बारीक लगदा, खनिज पूड आणि गोंद यांचं पाण्यात मळलेलं मिश्रण. कागदातले तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून वाळलेली आकृती हलकी असते आणि पातळ भागही सहज तुटत नाही. ती हवेवरच कडक होते, भट्टी लागत नाही. कुंभारकामातही 'पेपर क्ले' नावाची माती असते, पण ती वेगळी. त्या मातीत कागदाचे तंतू घालतात, ते भट्टीत जळून जातात आणि भाजलेलं भांडं हलकं होतं. आमच्या पाकिटातली माती भट्टीत घालू नका.

आता तड्यांबद्दल. ओल्या मातीतलं पाणी आधी बाहेरच्या बाजूनं उडतं. वरचं कवच आक्रसायला लागतं तेव्हा आतला भाग अजून ओला आणि फुगलेलाच असतो. कवचावर ताण येतो आणि ते फाटतं. थर जितका जाड, तितका हा ताण मोठा. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवलं की वरचा भाग आणखी लवकर वाळतो, आणि नेमकं तिथंच बिघडतं. दुसरं कारण आतल्या सांगाड्याचं. माती आक्रसते, पण आतली तार किंवा फॉइल आक्रसत नाही, मग माती तिच्यावर ताणली जाऊन चिरते.

म्हणून आकृती भरीव करू नका. ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून, दाबून धड आणि डोकं यांचा गाभा बनवा. हातापायांसाठी ॲल्युमिनियमची तार घ्या. साधी लोखंडी तार ओल्या मातीत गंजते आणि पुढे तो तांबूस डाग रंगातूनही वर येऊ शकतो. लोखंडी तारच हाताशी असेल तर तिच्यावर टेप घट्ट गुंडाळा. गुळगुळीत फॉइलवर माती नीट धरत नाही, तेव्हा सगळ्या सांगाड्यावर मास्किंग टेप लावून वर पांढऱ्या गोंदाचा हात फिरवा. मग तीन ते पाच मिलिमीटरचा पहिला थर लिंपा आणि थांबा. हे थांबणं सगळ्यात जड जातं, आम्हालाही जातं. पण पहिला थर वाळताना पडलेल्या बारीक चिरा दुसऱ्या थरात बुजतात आणि वरचा थर पातळ असल्यानं त्याला फारसा तडा जात नाही.

सांगाड्याच्या वेळीच प्रमाण ठरवून टाका, नंतर दुरुस्ती अवघड. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सात ते साडेसात पट असते, म्हणजे 21 सेंटिमीटरच्या आकृतीचं डोकं 3 सेंटिमीटर. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, वर्षभराच्या बाळाची उंची डोक्याच्या चौपट भरते. चेहऱ्यात नवशिके एक चूक हमखास करतात, डोळे फार वर काढतात. डोळ्यांची रेषा टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्ये येते. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत पोचेल एवढा असतो, त्यामुळे इवलासा पंजा केला की आकृती लगेच बाहुलीसारखी दिसायला लागते. एका पायावर भार देऊन उभी असलेली आकृती करायची असेल, तर गळ्याची खळगी त्या पायाच्या वर आणा. उभी राहील आणि जिवंतही वाटेल.

वाळली की नाही हे कसं ओळखायचं? गालाला लावून बघा. गार लागली तर आत अजून ओल आहे, पाणी उडताना गारवा येतो. वजनकाटा असेल तर आणखी खात्रीचं: लागोपाठ दोन दिवस वजन करा, आकडा तोच राहिला की आकृती वाळली. जाळीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल, आणि दिवसातून एकदोनदा कूस बदला. दमट हवेत एका थराला दोन-तीन दिवसही लागतात. ओलीवरच रंग दिला तर ओल आत कोंडते, रंग फुगतो, बुरशीही धरते.

या मातीचा आम्हाला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे वाळलेल्या भागावर ओला भाग जोडता येतो. नाक आवडलं नाही? खरवडून काढा. जागा ओली करा, सुईनं आडव्या-उभ्या रेघा ओढा, माती पाण्यात आणि थोड्या गोंदात कालवून केलेला लेप लावा आणि नवं नाक बसवा. तडाही याच लेपानं बुजतो, फक्त एकदम न भरता दोन वेळा थोडा थोडा भरा.

घासकामाला आधी 120 नंबरचा आणि मग 220 चा पॉलिश पेपर. धूळ फार बारीक असते, मास्क लावाच आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसा. मात्र ओल्या बोटानं आधीच गुळगुळीत केलेल्या चेहऱ्याला घासकाम जवळजवळ लागत नाही. रंग ॲक्रिलिक वापरा, त्याआधी प्रायमरचा एक हात द्या, नाहीतर माती रंग पिते. शेवटी वॉर्निशचे दोन पातळ हात. वॉर्निश असलं तरी आकृती पाण्यात किंवा पावसात टिकत नाही.

हात आणि अवजारं बादलीत धुवा, सिंकमध्ये नको. लगदा नळीत साचून ती तुंबते. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवा. थोडी कडक झाली असेल तर पाण्याचे शिंतोडे मारून पिशवी एक दिवस बंद ठेवा, मग मळा.

आणि तरीही तडा गेलाच, तर आकृती टाकू नका. फोटो पाठवा, सोबत थर किती जाड होता, किती दिवस आणि कुठे वाळवली हे लिहा. एवढ्यावरून कारण बहुतेक वेळा सापडतं, आणि माती आमचीच खराब असेल तर ते आम्हाला कळायलाच हवं.